त्या दिवाणखान्यात मी काय सांगू?

प्रिय वैशू,

हे फोनवर सांगणार नाही. फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस. तब्येती ठीक. अविनाशची शुगर तशीच, माझा खांदा तसाच.

तर, बॅसिल्डन पार्क ह्या इथल्या जुन्या हवेलीत मला उभं राहशील का म्हणून विचारलंय. जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्टच्या घरांत दर खोलीत निवृत्त मंडळी उभी असतात ना, गळ्यात बिल्ला, तोंडावर हसू? तू आलीस तेव्हा ज्या आजोबांना तू सागवान आणि महोगनीतला फरक समजावून सांगितलास, त्यांच्यासारखी. बिनपगारी आणि पूर्ण अधिकारी! वर्षाच्या कार्डावर मी इतक्यांदा जाते, की एकदा तिथल्या बाई म्हणाल्या, तुम्ही नुसत्या बघता कशाला, सांगा की लोकांना. खोलीही नेमून दिली, टेम्सच्या खोऱ्याकडे तोंड केलेला तो अष्टकोनी दिवाणखाना. खुर्च्यांवर अजून पाइनची बोंडं ठेवतात, कुणी बसू नये म्हणून. (तू बोंड उचलून पर्समध्ये टाकलंस आणि बसलीस. मी ते कुणाला सांगितलेलं नाही.)

घर मला आवडतं, हीच पंचाईत आहे. नुसतं भव्य असतं तर सोडून दिलं असतं. भव्य घरं इथे पैशाला पासरी. पण ह्या घराचे हाल झालेत. विसाव्या शतकात एका मालकाने ते सुटं करून अमेरिकेत पाठवायची जाहिरात दिली, आतलं काही सामान न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात गेलंही. युद्धात लष्कर राहून गेलं. १९५२ मध्ये आयलिफ नवरा-बायकोने हा सांगाडा विकत घेतला. हे घर आखणाऱ्या जॉन कार ह्याच वास्तुविशारदाने लिंकनशायरात वाढवलेलं पँटन हॉल तेव्हा मोडीत निघत होतं, तिथली दारं त्यांनी आणली, आणि वैशू, ती इथल्या चौकटींत बरोब्बर बसली! १९७८ मध्ये त्यांनी घर ट्रस्टला देऊन टाकलं. पाहुण्यांना हेच ऐकायचं असतं. दारांची गोष्ट सांगितली की सगळे खूश होऊन स्कोन खायला जातात.

आणि पाया? फ्रान्सिस साइक्स. क्लाइव्हचा दोस्त, मुर्शिदाबादच्या दरबारात ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे प्रतिनिधी. तिथे गब्बर झाला, १७७१ मध्ये ही जहागीर घेतली आणि १७७६ पासून घर बांधायला काढलं. बंगालचा मोठा दुष्काळ १७७० चा. माणसं लाखांनी मेली. पण तोवर साइक्स इंग्लंडला परतला होता. दुष्काळ त्याने आणला असं मला म्हणता येत नाही. नुसत्या दोन तारखा शेजारी ठेवल्या तर खोटं काहीच बोलत नाही मी, तरी ऐकणारा मनात गोष्ट जुळवणारच. नाही ठेवल्या तर उरतं छताचं नक्षीकाम आणि दारं. रात्री दोन दोन वाजता मी छताकडे बघत हेच दळत असते. अविनाश म्हणतो, "सरळ नऊवारी नेस आणि काही बोलू नकोस, त्यांना कळेल." ह्या माणसाशी मी लग्न केलं.

२०२० मध्ये ट्रस्टने वसाहती आणि गुलामगिरीशी नातं असलेल्या ९३ ठिकाणांचा अहवाल काढला तेव्हा इथे केवढं रण पेटलं होतं, आठवतंय? तू तेव्हा लिहिलं होतंस, "बरं झालं." दिवाणखान्यात उभं राहायचं नसलं की "बरं झालं" म्हणणं सोपं असतं.

सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांना सेझिनकोटला नेलं, मोरटन-इन-मार्शजवळ. तिथला मालक चार्ल्स कॉकरेल हाही कंपनीचाच माणूस. भावाकडून घर बांधून घेतलं, तांब्याचा हिरवा घुमट, छत्र्या, छज्जे. बाहेरून मुघल, आत शिरलं की थेट ग्रीक. बागेत सूर्याचं देऊळ, पुलाच्या कठड्यावर नंदी. सासूबाईंनी चप्पल काढून सूर्याला नमस्कार केला आणि मग नंदींकडे बघून विचारलं, "हे बसलेत कुणासमोर?" गटातले लोक माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, ओढ्यासमोर.

ती बाग आखण्यात टॉमस डॅनिएलचा हात. हो, तोच! पुण्यातला इंग्रज वकील मॅलेट आणि सवाई माधवरावांचा १७९० चा दरबार रंगवणारा, त्या दरबारात कधी नसलेला, चित्रकार जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून चित्र पुरं करणारा. चित्र १८०५ चं, हे घरही त्याच सुमाराचं. एका हाताने शनिवारवाडा, दुसऱ्या हाताने नंदी. पुण्याचे चित्रकार गंगाराम तांबट, त्यांच्यावरचं तुझं प्रकरण इथेच अडलं होतं ना? वेल्सबरोबर बसून चित्रं काढली तांबटांनी, भिंतीवर नाव लागलं डॅनिएलचं. मला त्या पुलावर उभं राहून तुला हाक मारावीशी वाटली. सासूबाईंना सांगून काय उपयोग, त्या चहा कुठे मिळतो बघत होत्या.

आता तू रायगड काढशीलच, म्हणून मीच काढते. हिरकणी बुरुजावर त्या शाळेच्या सहलीसमोर तू रंगवून रंगवून गोष्ट सांगितलीस, आणि मी मागून "पुरावा काय?" म्हटलं. महाडपर्यंत तू माझ्याशी बोलली नाहीस, एसटीत खिडकीही दिली नाहीस. लोकांना गोष्ट लागते, असं तुझं म्हणणं. मी अजूनही म्हणते, पुरावा नाही. पण हेरिटेज वॉकला तुझ्यामागे शंभर माणसं चालतात, मला तर आठ जणांसमोर पाच मिनिटं बोलायचंय. म्हणून तुला विचारतेय, दुसऱ्या कुणाला नाही.

आत्तापर्यंत एवढंच जमलंय: "हे घर बांधणाऱ्याने पैसा बंगालमध्ये मिळवला. तो तिथून परतला आणि वर्षभरात तिथे दुष्काळ पडला. त्याच्या पुढच्या वर्षी त्याने ही जमीन घेतली." ह्यात खोटा शब्द नाही. तरी मधलं वाक्य मी रोज खोडते आणि रोज परत लिहिते. तू ठेवशील की काढशील? आणि त्यावरून थेट दारांवर कसं यायचं? तुझा तो "तर मंडळी" इंग्रजीत होत नाही.

ईशाला कुठे प्रवेश मिळाला? फी ऐकून मी पोळपाट बाजूला ठेवला होता. तुझ्या आईच्या मोतीबिंदूचं काय झालं तेही कळव. दोन ओळींत चालेल, मोठं उत्तर माझ्या वाक्याबद्दल हवंय. रविवारी बिल्ला गळ्यात पडतोय, त्याच्या आत लिही.

तुझी,
मंजू

ता.क. मेतकूट कुरिअरने पाठवू नकोस, विमानतळावर अडकवतात. अविनाशचा मामेभाऊ येतोय, त्याच्याकडे दे.