ताई, शेवटच्या बाकावरून केलेल्या मदतीबद्दल

प्रिय ताई,

तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही "काम आहे ते, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. इथे विषय बदलायची सोय नाही. शिवाय वर्गात नव्याने इंग्रजी शिकणारी मुलं असलेल्या एखाद्या शिक्षकाच्या नजरेस ते पडलं, तर तुमच्याकडून मला जे मिळालं त्यातलं थोडं त्यालाही मिळेल.

माझा विषय विज्ञान. घरी अरबी, स्पॅनिश, सोमाली, मँडरिन, युक्रेनियन बोलणारी मुलं एकाच वर्गात. कुणी दोन वर्षं मुरलेलं, कुणी गेल्या आठवड्यात आलेलं. तुम्ही भाषा-सहाय्यक म्हणून शेवटच्या बाकावर बसायला लागलात. तास संपल्यावर "छान झाला" असं तोंडदेखलं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. म्हणायचात ते एकच: "भाषा हलकी कर, विचार हलका करू नकोस."

ते नीट कळलं ते बाष्पीभवनाच्या तासाला. इंग्रजी न येणाऱ्या मुलाला चित्र रंगवायला देऊन गप्प बसवण्यावर तुमचा भारी राग. तेरा वर्षांच्या मुलाच्या हातात पाच वर्षांच्या मुलाचं काम द्यायचं, आणि वर त्याचं लक्ष नसतं म्हणून तक्रार करायची! तुम्ही प्रश्न तोच ठेवायला लावलात: सारखंच पाणी पसरट ताटलीत आणि अरुंद ग्लासात ठेवलं, तर ताटलीतलं आधी का वाळतं? बदललं ते बाकी सगळं. दोन्ही भांडी टेबलावर, फळ्यावर आकृती, तिच्यावर मोजके शब्द. एक भाषा बोलणाऱ्यांनी आधी आपापल्या भाषेत वाद घालायचा आणि मग फळ्यावरच्या 'आय थिंक... बिकॉज...' या अर्ध्या वाक्याला धरून इंग्रजीत सांगायचं. स्पॅनिश बोलणारा एक मुलगा शेजाऱ्याशी हातवारे करकरून भांडला, वहीत ताटलीवरून वर जाणारे भरपूर बाण काढले, ग्लासावरून दोनच. मग उभा राहून म्हणाला, "मोर फेस, मोर गो." वर्गात कुणीतरी खुदकन हसलं. तुम्ही मागून अगदी सहज म्हणालात, "येस, अ लार्जर सरफेस, सो मोर वॉटर इव्हॅपोरेट्स." चूक दाखवली नाहीत, फक्त त्याचंच म्हणणं नीट इंग्रजीत त्याला परत दिलंत. पुढच्या वाक्यात 'सरफेस' हा शब्द त्याने स्वतःहून वापरला.

मुलांना आपल्या भाषेत बोलू दिलं तर इंग्रजी कधी येणार, ही शंका शिक्षक-खोलीत हमखास निघते. तुम्ही वेल्सचं उदाहरण द्यायचात. तिथे केन विल्यम्स या शिक्षणतज्ज्ञांनी १९९४ च्या प्रबंधात एका भाषेत वाचायचं आणि दुसरीत लिहायचं, अशी पद्धत मांडली. तीच पुढे ट्रान्सलँग्वेजिंग म्हणून जगभर गेली. मजकूर एका भाषेतून दुसरीत न्यायचा तर तो आधी समजावाच लागतो, नुसता उतरवून भागत नाही. 'इथे फक्त इंग्रजी बोला' ही भिंतीवरची पाटी तुम्ही स्वतः काढून टाकलीत. कुणाला विचारलंही नाहीत बहुतेक.

न बोलणाऱ्या मुलीबद्दल तर मी तुमचा कायमचा ऋणी आहे. कित्येक आठवडे ती चकार शब्द बोलली नाही. तिला काही अडचण आहे का, तपासणीला पाठवावं का, अशी कुजबुज सुरू झाली होती. तुम्ही आधी एवढंच पाहिलंत की ती घरी आणि मैत्रिणींशी आपल्या भाषेत मोकळेपणी बोलते का. बोलत होती, भरपूर. मग तुम्ही म्हणालात, नवी भाषा शिकताना पुष्कळ मुलं आधी नुसतं ऐकतात, त्यांना ऐकू दे. पण ऐकताहेत म्हणून रिकामं बसवू नकोस. तेव्हापासून ती चित्रांची कार्डं क्रमाने लावायची, आकृतीला नावं चिकटवायची, बरोबर-चूक साठी हिरवं-लाल कार्ड वर करायची. तिने तोंडातून एक अक्षर न काढताही तिला काय समजतंय ते मला रोज दिसत होतं. बोलली ती मोठ्या गटात नव्हेच, जोडीदाराशी, आणि तेही त्याचं उत्तर चुकलं म्हणून.

थांबायला शिकवलंत तेही तुम्हीच. प्रश्न विचारून शिक्षक सरासरी एक सेकंदसुद्धा धड थांबत नाहीत, आणि तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांब होतात, एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात, हे मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात विज्ञानाच्याच वर्गांतून दाखवलं होतं. परक्या भाषेत प्रश्न समजून घेऊन, उत्तर जुळवून, पुन्हा त्या भाषेत मांडणाऱ्या मुलाला तर तीनही कमीच. तुम्ही मागून बोटांवर मोजायचात. ती बोटं बघत उभं राहणं काय जिवावर यायचं, ते मलाच माहीत.

मैदानावर फडाफडा इंग्रजी बोलणारा मुलगा पेपरात का आपटतो, हा प्रश्न प्रत्येक निकालाला यायचा आणि 'आळशी' हा शेरा तयार असायचा. बोलण्याची इंग्रजी वेगळी आणि अभ्यासाची वेगळी, हा फरक द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडला; पहिली साधारण दोन वर्षांत येते, दुसरीला पाच ते सात वर्षं लागू शकतात, हे तुम्ही पालकसभेत इतक्या साध्या शब्दांत सांगितलंत की एका वडिलांनी ते लिहून घेतलं. शेरे लिहिताना ते आकडे मला आता आपसूक आठवतात.

"सगळ्यांना एकच पेपर, यापेक्षा न्याय्य काय?" असं एक सहकारी तावातावाने म्हणाले, तेव्हा तुम्ही १९७४ चा लाउ विरुद्ध निकोल्स हा खटला काढलात. इंग्रजी न समजणाऱ्या मुलांना तीच पुस्तकं, तेच शिक्षक, तोच अभ्यासक्रम दिला म्हणजे समान वागणूक झाली असं होत नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलं होतं. त्या सहकाऱ्यांना पटलं की नाही कोण जाणे. पुढच्या चाचणीत त्यांनी शब्दसूची मात्र जोडली.

वह्या तपासण्याचं माझं कामही तुम्ही हलकं केलंत. अरबी बोलणाऱ्याचा 'प' 'ब' कडे झुकतो, युक्रेनियन मूल इंग्रजीतले 'द' (the) आणि 'अ' (a) हे शब्द गाळतं, मँडरिनमध्ये काळाप्रमाणे क्रियापद बदलत नाही म्हणून 'यस्टर्डे आय गो' होतं. म्हणजे मूल निष्काळजी नाही, त्याची भाषा तिथे डोकावतेय. (आपण मराठी माणसं तरी 'द' कुठे नीट वापरतो!) एका वहीत एकाच प्रकारच्या चुकीवर खूण करायची, बाकीच्या पुढच्या वेळी, हा तुमचा नियम मी अजून मोडलेला नाही.

आणि संस्कृतीचं. "तुमच्या देशात काय करतात, सांग बरं सगळ्यांना" हा प्रश्न चांगल्या मनाने विचारला तरी मूल एकदम साऱ्या देशाचं प्रवक्तं होऊन बसतं. देश लहानपणीच सोडलेल्या मुलाला तर उत्तरच ठाऊक नसतं. तुम्ही विचारायचात, "तुमच्या घरी कोण कशात हुशार आहे?" त्यातून शिवणकाम निघालं, मोटारदुरुस्ती निघाली, शेती निघाली, आणि घर्षणापासून अंकुरणापर्यंतचे माझे कितीतरी तास त्यावर उभे राहिले. पालकांशी बोलताना मुलालाच दुभाषी करायचं नाही, यावर तर तुम्ही हटूनच बसलात. दुभाष्याची व्यवस्था होईपर्यंत एक बैठक पुढे ढकलायला लावलीत. तेव्हा तो हट्ट वाटला होता. आईबापांसमोर आपल्याच तक्रारी स्वतः सांगायच्या म्हणजे मुलाची काय गत होत असेल, ते विचार केल्यावर पटलं.

एका बाबतीत आपलं अजून जमत नाही. फळ्यावरची अर्धी वाक्यं तुम्ही मुलं 'आता नको' म्हणेपर्यंत ठेवता. मला वाटतं ती लवकर पुसावीत, नाहीतर सगळ्यांच्या वह्या एकाच साच्यातल्या निघतात. गेल्या सत्राच्या वह्या बाजूला काढून ठेवल्यात, त्या बघून भांडू.

पुढच्या सत्रापासून तुम्ही इतिहासाच्या वर्गात बसणार असं कळलं. तिथल्या धड्यांतली लांबलचक वाक्यं बघता तुमची जास्त गरज तिकडेच आहे, हे मान्य. पण आठवड्यातून एक तास विज्ञानाला ठेवा, असं मी मुख्याध्यापकांना लेखी कळवलंय. तुम्हाला न विचारता, त्या पाटीसारखंच.

मनापासून आभार, ताई.

आपला,
विज्ञानाचा मास्तर