हायब्रिडला प्लग नसतो

रविवारच्या पुरवणीत हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या मोटारींवर आलेला लेख वाचला. ‘इमारतीत चार्जिंगची सोय असेल तरच हायब्रिड घ्यावी’ हा त्यातील सल्ला चुकीचा आहे. आपल्याकडे सर्वाधिक विकल्या जाणाऱ्या हायब्रिड गाड्यांना प्लगच नसतो. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा आणि इंजिन यांवरच त्यांची बॅटरी चार्ज होते. प्लग असलेली ‘प्लग-इन हायब्रिड’ हा वेगळा आणि येथे बराच महागडा प्रकार आहे.

खरी गफलत होते ती ‘माइल्ड’ आणि ‘स्ट्राँग’ या दोन शब्दांत. माइल्ड हायब्रिडमधील मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते. स्ट्राँग हायब्रिड काही अंतर निव्वळ विजेवर धावते. विक्रेते मात्र दोन्हींना सर्रास ‘हायब्रिड’ म्हणतात. पुन्हा फायदाही सर्वत्र सारखा नाही. पुण्यात सिग्नलमागून सिग्नल लागतात, तेथे स्ट्राँग हायब्रिडचे पेट्रोल खरोखर वाचते. द्रुतगती मार्गावर एकसारख्या वेगात इंजिनच बहुतेक काम करते आणि बचत घटते. (माझ्या शेजाऱ्यांनी महामार्गावरच्या रोजच्या प्रवासासाठी अशी गाडी घेतली आणि आता मायलेजवरून कुरकुरतात.)

बॅटरी दोन-चार वर्षांत बाद होते, ही भीतीही अनाठायी आहे. टोयोटाची ‘प्रियस’ ही हायब्रिड गाडी 1997 मध्येच जपानच्या रस्त्यांवर आली, म्हणजे हे तंत्र काही नवे नाही, आणि भारतातही काही कंपन्या हायब्रिड बॅटरीवर आठ वर्षांची वॉरंटी देतात.

– एक वाचक, पुणे