पिन मोबाईलच्या कव्हरमागं

संपादक साहेब, नमस्कार,

ऑनलाईन फसवणूक म्हटलं की सगळे म्हाताऱ्यांकडं बोट दाखवतात, पण माझ्या बघण्यात सगळ्यात जास्त तोच सापडतो ज्याचा फोन दुसऱ्यानं चालू करून दिलेला असतो. आमच्या गल्लीतल्या मावशी कपिलतीर्थ मार्केटला भाजी विकतात, नातवानं क्यूआर कोड लावून दिला आणि पिन विसरायला नको म्हणून कागदावर लिहून कव्हरमागं सारला, आता बोला! परवा एकाचा फोन आला, हॉटेलसाठी पन्नास जुड्या मेथी पाहिजे, अॅडव्हान्स टाकतो, आलेल्या मेसेजवर पिन टाका. मावशींनी टाकला आणि चार हजार गेले. पैसे घ्यायला पिन लागतच नाही, तो द्यायला लागतो, एवढं एक वाक्य त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि शिकलेली पोरं काय कमी हैत व्हय? घरबसल्या रेटिंग द्या, पैसे मिळवा, ह्या टास्कच्या नादात ती पण अडकतात, वर घरात लाजून सांगत नाहीत आणि तेवढ्यात पैसे चार खात्यांतून फिरून जातात. १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला लगेच फोन केला तर पैसे वाटेत अडवता येतात, पण मावशींनी दोन दिवस कुणाला सांगितलंच नाही, सून ओरडेल म्हणून.

बाजारात कोड वाटत फिरणाऱ्यांनी पिनचं ते एक वाक्य मराठीत त्याच स्टिकरवर मोठ्या अक्षरात छापावं.

एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर