रविवारच्या बैठकीबद्दल थोडं आधीच

सर्वांना सलाम.

येत्या रविवारी उपासनेनंतर सव्वाअकराला हॉलमध्ये बसणार आहोत. विषय: घरी, कामावर आणि मंडळीत (म्हणजे आपल्या चर्चमध्ये) बिघडलेली नाती. मेगाब्लॉकचं वेळापत्रक पाहून निघा, नेहमीचं कारण नको.

येताना बायबलमधलं मत्तय 18:15-17 वाचून या. क्रम साधा आहे. आधी दोघांनीच बोलायचं, मग एकदोघांना सोबत न्यायचं, मंडळीपुढे सगळ्यात शेवटी. आपण नेमकं उलटं करतो. आधी व्हॉट्सॲप ग्रुप, मग महिला मंडळ, आणि ज्याच्याशी भांडण त्याला सगळ्यांच्या नंतर कळतं! (मीही केलंय.)

घरातलं तर आणखी बारीक असतं. रात्रीचा राग सकाळच्या डब्यात जातो. डबा ओट्यावर आपटून ठेवला जातो, तो मुकाट्याने बॅगेत टाकला जातो आणि 8:12 ची लोकल पकडली जाते. इफिस 4:26 सूर्य मावळायच्या आत राग संपवायला सांगतं. सेकंड शिफ्टवाल्यांनी काय करायचं, तेही बोलूच.

कामावरचे प्रश्न चिठ्ठीवर लिहून आणा, नाव नको.

एक मात्र स्पष्ट सांगते. मारहाण सोसणं म्हणजे क्रूस वाहणं नव्हे. तिथे क्षमेचा सल्ला आम्ही देणार नाही. महिलांसाठी 181 हेल्पलाइन आहे, तातडीला 112. कामावर बाईचा लैंगिक छळ होत असेल तर 2013 च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसांच्या ऑफिसात अंतर्गत समिती असलीच पाहिजे.

चहा आहे. मुलांना संडे स्कूलच्या ताई सांभाळतील.