बघायला शिकवलंत, त्याबद्दल

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या निसर्गचित्रणाच्या वर्गात शिकलेले आम्ही काही चित्रकार, कापडावरच्या नक्षीचं काम करणारे आणि थोडेफार लिहिणारे मिळून हे पत्र लिहीत आहोत. तुम्ही जे शिकवलंत ते वर्गाबाहेरच्या पुष्कळांना उपयोगी पडेल आणि ते कुणाकडून आलं हे त्यांना कळायला हवं, म्हणून पत्र खुलं ठेवलं आहे.

निसर्गातून प्रेरणा घ्या, असं सगळेच सांगतात. ती घ्यायची कशी, हे सांगणारं माणूस विरळा. डोंगर, ढग, ओली पानं बघून मन भरून येतं, पण मन भरलं म्हणून कागद भरत नाही. समोरच्या दृश्याला एक नेमका प्रश्न विचारायचा आणि त्याचं उत्तर मोजून, रेखाटून शोधायचं, ही तुमची शिकवण. तिचा खरेपणा चित्रकलेच्या बाहेरही दिसतो. १९४१ मध्ये स्वित्झर्लंडचे अभियंते जॉर्ज द मेस्त्राल यांनी कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटलेली एका रानझुडपाची काटेरी बोंडं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. अशी बोंडं उपटून फेकून देणारी माणसं त्याआधी पिढ्यानपिढ्या होऊन गेली होती. ती चिकटतात कशामुळे, हे मेस्त्राल यांनी पाहिलं, काट्यांच्या टोकांना असलेले हुकासारखे बाक त्यांना दिसले आणि त्यातून वेल्क्रो, म्हणजे बुटांना-पिशव्यांना असते ती दाबली की चिकटणारी पट्टी, जन्माला आलं. पेटंट पदरात पडायला मात्र १९५५ उजाडलं.

पहिले आभार त्या पुठ्ठ्याच्या खिडकीसाठी. पुठ्ठ्यात ८ सेमी बाय ६ सेमीची चौकट कापायची, हात लांब करून धरायची आणि तिच्यात मावेल तेवढंच चितारायचं. कागद २४ बाय १८ असेल तर ही खिडकी चालते, कारण दोन्हींचं प्रमाण एकच, ४ : ३. कागद चौरस आणि खिडकी आडवी असली की निवडलेलं दृश्य कागदावर बसत नाही, वर नाहीतर खाली पट्टा रिकामा उरतो आणि तिथे नाइलाजाने ढग भरले जातात. चौकट ठरली की डोळे किलकिले करून बघायचं. तपशील विरतात, फक्त उजेडाचे, मध्यम आणि गडद असे तीन ठोकळे उरतात. ते काडेपेटीएवढ्या चौकोनात दोन मिनिटांत टिपायचे. या छोट्या चित्रात जे जमलं नाही ते मोठ्या कागदावर कधीच जमत नाही, हे तुमचं म्हणणं आम्ही नव्या मुलांना आजही जसंच्या तसं सांगतो.

सावलीचा नियमही तुमचाच: पहिल्या दहा मिनिटांत सावल्यांची बाह्यरेषा पेन्सिलीने आखून घ्यायची आणि नंतर ऊन कितीही सरकलं तरी ती बदलायची नाही. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. तो क्षितिजापासून १० अंशांवर असताना सपाट जमिनीवरची सावली वस्तूच्या उंचीच्या जवळजवळ पावणेसहापट असते आणि २० अंशांवर येईपर्यंत पावणेतीनपटीवर येते. म्हणजे सकाळच्या ज्या लांब सावल्यांसाठी आपण लवकर उठतो, त्याच सगळ्यांत वेगाने आखडतात. दिसेल तसं रंगवत गेलं की दोन तासांनी झाडाची सावली एका दिशेला आणि दगडाची दुसरीकडे पडते. बघणाऱ्याला चूक सापडत नाही, पण चित्र खोटं वाटतं. फ्रेंच चित्रकार मोने यांनी १८९०-९१ मध्ये गवताच्या गंजी रंगवताना उजेड बदलला की कॅनव्हासच बदलला, असं करत एकाच विषयाची मालिका झाली. एकच कागद घेऊन बसणाऱ्याला पहिल्या दहा मिनिटांशी प्रामाणिक राहण्यावाचून गत्यंतर नाही.

आता हिरव्याबद्दल. इथे तुमचं ऋण सगळ्यांत मोठं आहे.

ट्यूबमधला तयार हिरवा तुम्ही वर्गात येऊच दिला नाहीत. लेमन यलो, अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना, बस. तीन भाग पिवळा आणि एक भाग निळा, मग दोनास एक, मग समसमान, अशी पट्टी आधी काढायची आणि प्रत्येक घराच्या अर्ध्या भागात सिएनाचा ओझरता स्पर्श द्यायचा. सिएना तांबूस असल्यामुळे हिरव्याचा भडकपणा मरतो आणि तो झाडावर शोभतो. मग पट्टी हातात धरून एकच पान बघायचं. प्रकाशाकडे पाठ करून पाहिलं तर पानाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर आकाश उतरलेलं असतं, तिथला रंग निळसर राखाडी, जवळजवळ चांदीसारखा दिसतो. तेच पान सूर्य आणि आपल्या मध्ये धरलं की ऊन आरपार येतं आणि पान उबदार पोपटी होतं, शिरा मात्र गडद राहतात. एकाच फांदीवर हे दोन्ही हिरवे शेजारी शेजारी असतात. ज्याला हे दिसलं त्याला झाड रंगवताना पानं मोजत बसावं लागत नाही, निळसर आणि पोपटी ठिपक्यांचे पुंजके योग्य जागी पडले की झाड उभं राहतं.

पानाचं रेखाटनही तुम्ही उलटं शिकवलंत, म्हणजे सुलटं. बाहेरची कड आधी काढून आत शिरा कोंबल्या की पान इस्त्री केल्यासारखं सपाट होतं. मधली शीर आधी, तीही वळणासकट, मग उपशिरा आणि त्यांचा कोन, आणि शेवटी त्यांच्या टोकांना धरून कड. पान वळलं की शीरही वळते, त्यामुळे कड आपोआप बरोबर येते.

जलरंगाच्या वॉशमध्ये, म्हणजे कागदावर पसरलेल्या पातळ रंगात, फुलकोबीसारखे डाग का उठतात, हे कळल्यावर किती कागद वाचले! अर्धवट वाळलेल्या रंगात जास्त ओला ब्रश लागला की नवं पाणी आधीचा रंग ढकलत नेतं आणि तो कडेला साचतो. चकाकी गेली म्हणजे कागद वाळला असं नव्हे. बोटांची मागची बाजू कागदाला लावायची. गार लागला तर पाणी अजून उडतं आहे, थांबायचं. ३०० जीएसएमपेक्षा (म्हणजे दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनापेक्षा) पातळ कागद असेल तर तो आधी भिजवून पाटाला गमटेपने, म्हणजे ओली करून लावायच्या कागदी पट्टीने, चारी बाजूंनी चिकटवायचा, नाहीतर लाटा येतात आणि रंग खळग्यांत जमतो.

सूर्यफुलाचा धडा आमच्यातल्या नक्षीकारांच्या आवडीचा. मोठ्या सूर्यफुलात बियांच्या वळणदार ओळी बहुधा एका दिशेला ३४ आणि दुसऱ्या दिशेला ५५ भरतात. नवी बी आधीच्या बीपासून सुमारे १३७.५ अंशांवर येते, त्यामुळे फट राहत नाही. कंपास आणि कोनमापक घेऊन हे कागदावर उतरतं. केंद्रापासूनचं अंतर म्हणजे बीच्या क्रमांकाचं वर्गमूळ गुणिले ४ मिमी: पहिली बी ४ मिमीवर, चौथी ८, नववी १२, शंभरावी ४० मिमीवर. कोन मात्र दर वेळी शून्याच्या रेषेपासूनच मोजायचा: १३७.५, २७५, ५२.५, १९०, ३२७.५, १०५, असं पुढे. आधीच्या ठिपक्यापासून मोजत गेलं आणि दर वेळी अर्धा अंश चुकला, तर शंभराव्या ठिपक्यापर्यंत ५० अंशांची चूक साठते आणि भरीव चकतीत उघड्या फटी पडतात. एकदा चकती जमली की फूल विसरायचं आणि ठिपक्यांच्या जागी मणी, टाके, अक्षरं, हवं ते ठेवायचं. बघण्यातून निर्मितीकडे जायची पायरी ती हीच: वस्तू सोडायची आणि तिचा नियम उचलायचा.

कापडासाठी अखंड नक्षी करायची तुमची कापाकापीही तितकीच मोलाची. २० सेमी चौरस कागदाच्या मध्यभागी रेखाटन करायचं, कडेला २ सेमी कोरं सोडायचं. कागद उभा मधोमध कापून डावा-उजवा भाग अदलाबदल करायचा, मागून टेप लावायची. मग आडवा कापून वरचा खाली, खालचा वर. आता मूळ चित्र बाहेरच्या कडांना जातं आणि मधे कोरी फुली दिसते. ती भरायची, पण बाहेरच्या कडांना हात लावायचा नाही. हात लागला तर जोड दिसलाच. दुसरा धोका ठळक फुलाचा: एकच मोठं, गडद फूल असेल तर कापडभर त्याच्या रांगा उमटतात. आकार तीन आणि दिशा वेगवेगळ्या ठेवायच्या. नऊ प्रती जुळवून दोन मीटरवरून किलकिल्या डोळ्यांनी बघेपर्यंत नक्षी झाली असं म्हणायचं नाही.

लिहिणाऱ्यांना तुम्ही एकच अट घातली होती: पाच ओळी, एकही विशेषण नाही. वारा काय करतो, फांदी काय करते, एवढंच. त्या अटीने पुष्कळ जणांचं लिखाण सुधारलं.

फोन बंद ठेवायच्या तुमच्या नियमाबद्दलही थोडं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी ५६ पदयात्रींचा अभ्यास प्रसिद्ध केला. फोनशिवाय चार दिवस रानात चालल्यावर चाचणी देणाऱ्यांना निघण्याआधी चाचणी देणाऱ्यांपेक्षा सर्जनशीलतेत सुमारे ५० टक्के जास्त गुण मिळाले. यात रानाचा वाटा किती आणि फोन नसण्याचा किती, हे त्या अभ्यासातून वेगळं काढता येत नाही. तुम्ही दोन्ही एकत्रच मागत होतात, त्यामुळे आमचं नुकसान काहीच झालं नाही.

आणि सगळ्यांत जास्त आभार एका सवयीचे. तुम्ही विद्यार्थ्याच्या कागदावर कधी रेघ ओढली नाहीत. चूक दाखवायची तर शेजारी कोरा तुकडा घेऊन त्यावर काढून दाखवायचात आणि तुकडा घेऊन निघून जायचात. चित्र ज्याचं त्याचं राहायचं, चूक आणि दुरुस्तीही. आम्ही शिकवतो तेव्हा हेच करतो.

एक विनंती आहे. हिरव्याच्या पट्टीचं आणि कोनांच्या तक्त्याचं तुमच्या हाताने लिहिलेलं टिपण आमच्याकडे आहे. त्याच्या प्रती नव्या मुलांना वाटायला तुमची परवानगी हवी आहे. वर तुमचं नाव घालायचं की नाही, तेही कळवा.

आपले कृतज्ञ,
निसर्गचित्रण वर्गाचे माजी विद्यार्थी