भटकंतीला कुलूप लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षा तोंडावर असताना मुले फोटो काढत भटकतात, अशी तक्रार पालकांकडून वारंवार ऐकू येते. मी सोलापुरात पदव्युत्तर शिक्षण घेत असल्यामुळे या भटकंतीची दुसरी बाजू मांडावीशी वाटते.

सलग पाच-सहा तास वाचून अक्षरे नुसतीच डोळ्यांपुढून सरकू लागली, की मी सायकलने सिद्धेश्वर तलावाचा काठ गाठतो. एखाद्या रविवारी पहाटेच्या एसटीने नान्नजला उतरतो. १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी घोषित झालेल्या तिथल्या अभयारण्यात मला माळढोक अद्याप दिसलेला नाही. परंतु वाळक्या गवतातून कान टवकारून रोखून पाहणारा काळवीट टिपण्यासाठी तासभर निश्चल बसलो, तेव्हा आठवडाभराचा ताण कधी उतरला ते कळलेही नाही.

त्यासाठी दूरच जायला हवे असेही नाही. पूर्व भागातील एका यंत्रमागावर तुटलेला धागा सांधणारी, कापसाच्या तुसाने पांढरी झालेली बोटे मी साध्या मोबाईलवर टिपली आहेत. त्या संध्याकाळी परतल्यावर आठवडाभर अडलेले प्रकरण एका बैठकीत वाचून झाले.

माझ्या एका मित्राचा कॅमेरा मात्र त्याच्या वडिलांनी परीक्षेपर्यंत कपाटात ठेवून कुलूप लावले आहे. तो आता रात्री दोनपर्यंत जागतो, पण पुस्तकाचे पान उलटत नाही. पालकांनी निदान रविवारची सकाळ तरी मुलांना मोकळी द्यावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक विद्यार्थी, सोलापूर