चि. ओंकारास

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

तू पोचल्याचा आत्याचा फोन आला. आई म्हणाली, पोराला चार ओळी लिहा, पण तो विषय काढू नका. नाही काढत.

दुकान ठीक आहे. पंक्चर चिकटवायच्या सोल्यूशनच्या नळ्या आता गल्ल्यात, कुलपात ठेवतो. तुझ्यावर विश्वास नाही असं नाही रे. पण ट्यूब कानशीनं घासली, नळीचं टोपण काढलं, की त्या वासानं हात थांबतो. बावीस वर्षं त्या वासावर घर चाललं. लहानपणी माझ्या शर्टात तोंड खुपसून "पप्पांचा वास" म्हणायचास.

त्या दिवशी शेडमागं तुझ्या तोंडाशी सोल्यूशन लावलेला रुमाल बघितला आणि मी ओरडलो. तू कॅनॉलपर्यंत पळालास, मी हातात पाना घेऊन मागं. डॉक्टर नंतर म्हणाले, हा वास ओढल्यावर काळीज नाजूक झालेलं असतं. त्यात माणूस दचकला, जीव घेऊन पळाला, तर ठोके बिघडून जागच्या जागी संपतो. पहिल्याच वेळेलाही. अशा वेळी ओरडायचं नाही, मागं लागायचं नाही, सावकाश मोकळ्या हवेत आणून बसवायचं. मी नेमकं उलटं केलं. तो कॅनॉलचा रस्ता रात्री डोळ्यांपुढून हलत नाही.

२०१९च्या सरकारी पाहणीत वास ओढायची ही एकच नशा मोठ्यांपेक्षा पोरांत जास्त निघाली, असंही डॉक्टर म्हणाले. १० ते १७ वयाची १.१७ टक्के पोरं, मोठी माणसं ०.५८. स्वस्त, कुठंही मिळते. शाई खोडायचा बाटलीतला व्हाइटनर, तोही पोरं ओढायची म्हणून, २०१२ला बंद केला म्हणे, पण सोल्यूशन तर प्रत्येक पंक्चरवाल्याकडं. मेंदूवर जातं, आठवण जाते, हात कापतात. दहावीचं वर्ष आहे, कुणाच्या नादाला लागलास, अक्कल कुठं...

जाऊ दे. चुकलं माझं. पुन्हा सुरू झालो.

सहा वर्षांचा होतास तेव्हा घमेल्यातल्या पाण्यात बुडबुडा आधी तुला दिसायचा. "पप्पा, इथं!" चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, आज तू माझ्यापेक्षा सफाईनं काढतोस. गिऱ्हाईक विचारतात, पोरगा कुठाय. आत्याकडं अभ्यासाला, एवढंच सांगतो.

पळताना छातीत काही झालं होतं का? खरं सांग, रागावणार नाही. तुझ्याबरोबरच्या पोरांपैकी अजून कोण ओढत असेल तर तेही सांग, त्यांच्या घरी मी शांतपणे बोलेन.

रविवारी दुकान बंद ठेवून येतोय. डॉक्टरांनी छातीची पट्टी, ती ईसीजी, काढायला सांगितलीय, ती काढून घेऊ. तोवर आत्याचा जिना सावकाश चढ.

तुझे पप्पा